तीन आठवड्यांची रजा

‘मनात राहिलेला सिनेमा’ या विषयावर लिहून पाठवा, असा निरोप मंडळाच्या ग्रुपवर आला आणि पाठोपाठ ‘पिंजरा’, ‘सिंहासन’, ‘श्वास’ अशी नावं धडाधड पडायला लागली. मीही ‘श्वास’वरच लिहिणार होतो. दोन परिच्छेद लिहूनही झाले होते. पण काट्यासारखा रुतून राहिलेला सिनेमा वेगळाच आहे. तो जर्मन आहे, १९४२चा आहे आणि तो बघताना मी रडलो याची मला अजून लाज वाटते. तेव्हा म्हटलं, एकदा लिहूनच टाकू.

काही वर्षांपूर्वी कंपनीच्या कामासाठी मी आठ महिने बर्लिनला होतो. टीममध्ये निवृत्तीला आलेला एक जर्मन सहकारी होता. टेस्टिंगचं काम बघायचा. सर्व्हर पडला, बिल्ड फुटला, रिलीज पुढं गेलं, की बाकीचे आम्ही डोक्याला हात लावून बसायचो आणि हा गृहस्थ शांतपणे एक चाल शिट्टीवर वाजवायचा. चाल अशी की दुसऱ्यांदा ऐकली की आपणही गुणगुणायला लागतो. एकदा विचारलं, हे कुठलं गाणं? म्हणाला, आजी म्हणायची. एवढ्या-तेवढ्यानं जग बुडत नाही, अशा अर्थाचं आहे. मी म्हटलं, छान आहे, सिनेमा कुठला? तर तो जरा घुटमळला. म्हणाला, सिनेमा नाझी काळातला आहे, तू नको बघूस.

नको बघूस म्हटल्यावर मी बघणारच. नाव ‘डी ग्रोस लीब’, म्हणजे ‘महान प्रेम’. सबटायटल्स असलेली एक प्रत मिळाली आणि एका शनिवारी रात्री भाताचा कुकर लावून मी लॅपटॉपसमोर बसलो. माझी अपेक्षा काय होती? झेंडे, भाषणं, टाचा आपटणारे सैनिक, एखादा दुष्ट ज्यू सावकार. शाळेत ‘नाझी प्रचार’ म्हणून आपण जे वाचलेलं असतं ते. म्हणजे बघताना आपण सावध राहणार, मनातल्या मनात खुणा करत जाणार, असा माझा हिशेब.

तसलं फारसं काहीच नव्हतं. उत्तर आफ्रिकेच्या आघाडीवरचा पाउल नावाचा वैमानिक एका कामासाठी बर्लिनला येतो. एकच रात्र हातात. थिएटरमध्ये तो हाना या प्रसिद्ध गायिकेला पाहतो आणि तिच्यामागोमाग भुयारी रेल्वेत चढतो. (आपल्याकडच्या नायकांचंच काम, फक्त लोकल वेगळी.) तिच्या घरापर्यंत पोचतो आणि तेवढ्यात हवाई हल्ल्याचा भोंगा वाजतो. इमारतीतले सगळे तळघरात जमतात. शेजारीपाजारी, मुलंबाळं, गप्पा, थट्टा. आपल्याकडं गणपतीत लाईट गेल्यावर अंगणात जमतात तसं. हल्ला संपतो, तो तिच्याकडं राहतो आणि सकाळी निघून जातो. आपण वैमानिक आहोत हेसुद्धा त्यानं सांगितलेलं नसतं.

इथून पुढं सिनेमाभर एकच गोष्ट घडते. ते भेटतात, लग्न ठरतं, त्याला आघाडीवर जावं लागतं. पुन्हा भेटतात, पुन्हा ठरतं, पुन्हा जावं लागतं. रोममध्ये तर कमाल होते. तिचा तिथं कार्यक्रम असतो, तो रजा काढून येतो, आता लग्न होणार म्हणून आपणही सैलावतो आणि आघाडीवर आपली गरज आहे असं त्याला वाटायला लागतं. हुकूम आलेला नसतो. त्याचं त्यालाच वाटतं. तो निघतो. ती चिडते, रडते, भांडते. मग रशियाशी युद्ध सुरू होतं, त्याचा जिवलग मित्र मरतो, तो तिला संबंध तोडल्याचं पत्र लिहितो आणि शेवटी विमान पाडलं जाऊन जखमी अवस्थेत डोंगरातल्या एका लष्करी दवाखान्यात पोचतो. ती सगळं सोडून तिथं येते. तीन आठवड्यांची रजा आहे. तीन आठवडे! आणि मग? तो काही बोलत नाही, वर बघतो. आभाळातून बॉम्बर विमानांचा ताफा चाललेला असतो. तीही वर बघते आणि हसते. समाप्त.

त्या हसण्यापाशी माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कुकर कधीच थंड झाला होता.

मग नेहमीप्रमाणं शोधाशोध सुरू झाली. बग सापडला की लॉग उघडून बसायची सवय, दुसरं काय. हा नाझी काळातला सर्वाधिक चाललेला चित्रपट. सुमारे २ कोटी ७० लाख लोकांनी थिएटरात जाऊन पाहिला. तीस लाख मार्कांच्या आसपास खर्च आणि कमाई ऐंशी लाखांच्या घरात. दिग्दर्शक रोल्फ हान्सन, नायिका झारा लेआंडर. ही मूळची स्वीडनची, धिप्पाड बांध्याची, आवाज पुरुषी म्हणावा इतका खर्जातला. १२ जून १९४२ला बर्लिनमध्ये पहिला खेळ झाला आणि सरकारनं त्याला ‘राजकीयदृष्ट्या मौल्यवान’ असा शिक्का दिला. प्रेमकथेला राजकीय शिक्का कशासाठी, ते मला त्या रात्री कळत नव्हतं. मी तर फक्त प्रेमकथाच पाहिली होती.

प्रचारमंत्री गोबेल्स सिनेमाचा शौकीन. प्रचार आहे हे प्रेक्षकाला कळलं की त्याचा परिणाम गेलाच, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. नाझी राजवटीच्या बारा वर्षांत जर्मनीत हजाराहून जास्त कथापट निघाले. त्यांतले उघड प्रचारी म्हणावेत असे फार तर सहातला एक. बाकी प्रेम, विनोद, नाचगाणी. युद्धाच्या उत्तरार्धात शहरांवर बॉम्ब पडत असताना वर्षाला शंभर कोटींहून जास्त तिकिटं विकली जात होती. थकलेल्या माणसाला अंधारात दोन तास ऊब हवी असते, आणि गोबेल्स ती मोजून पुरवत होता.

आणि मग तारखा समोर ठेवून मी तो सिनेमा पुन्हा पाहिला. ३० मे १९४२च्या रात्री हजारावर ब्रिटिश विमानांनी कोलोन शहर भाजून काढलं. बरोबर दोन आठवड्यांच्या आत बर्लिनकर पडद्यावर ते हसतंखेळतं तळघर बघत होते. युद्ध कशासाठी चाललंय, हे सबंध सिनेमात कुणी विचारत नाही. पॅरिसमध्ये हाना जखमी जर्मन सैनिकांपुढं गाते, तेच माझ्या सहकाऱ्याच्या शिट्टीतलं गाणं, आणि सगळे हातात हात घालून डुलतात. पॅरिसमध्ये हे लोक काय करतायत हा प्रश्न उठतच नाही. युद्ध तिथं आपल्याकडच्या पावसासारखं आहे. येतं, प्रेमिकांची गाठ चुकवतं, सोसावं लागतं. पावसाला कोण जाब विचारणार?

आणखी एक. सिनेमाचं काम चालू होतं त्याच सप्टेंबरात, १९४१ मध्ये, जर्मनीतल्या ज्यूंना कपड्यांवर पिवळा तारा शिवणं सक्तीचं झालं. पाउल-हानाच्या भुयारी रेल्वेत, रस्त्यावर, तळघरात एकाच्याही कोटावर तो तारा नाही. ऑक्टोबरात बर्लिनमधून ज्यूंना भरून नेणाऱ्या गाड्या सुटायला लागल्या. मी राहत होतो तिथून ग्रुनेवाल्ड स्टेशन एस-बानने अर्ध्या तासावर. तिथला १७ क्रमांकाचा फलाट आता स्मारक आहे. रुळांच्या कडेनं लोखंडी पत्रे बसवलेत आणि प्रत्येकावर तारीख, माणसांची संख्या, कुठून कुठं. पहिली तारीख १८ ऑक्टोबर १९४१, संख्या हजारावर. बर्लिन ते वुच, म्हणजे पोलंडमधलं लोत्झ. आपण डेटाबेसमध्ये ओळी टाकतो तशा त्या नोंदी. मी टोकापर्यंत चालत गेलो नाही. अर्ध्यातून परतलो.

त्याच शरदातली अजून एक गोष्ट वाचली आणि पाउल-हाना माझ्या मनातून उतरले. योआखिम गोटशाल्क नावाचा नट होता. पडद्यावरचा लाडका प्रियकर, बायका त्याच्यावर फिदा. त्याची बायको मेटा वोल्फ ज्यू. तीही नटी होती. घटस्फोट घे म्हणून त्याच्यावर दडपण आलं, त्यानं घेतला नाही. कामं बंद झाली. बायको आणि आठ वर्षांच्या मुलाला पाठवून देणार हे कळल्यावर ६ नोव्हेंबर १९४१ला त्या तिघांनी बर्लिनच्या घरात गॅस सोडून जीव दिला. पडद्यावर ‘महान प्रेम’ म्हणजे बायकोला सोडून आघाडीवर जाणं, आणि इथं एक माणूस बायकोला सोडत नाही म्हणून मरतो. युद्धानंतर, १९४७ साली, कुर्ट मेत्सिश या दिग्दर्शकानं या घटनेवर ‘एहे इम शाटन’ म्हणजे ‘सावलीतला संसार’ हा चित्रपट काढला. तोही मी पाहिला. त्यात मात्र मला रडू आलं नाही, नुसतं बसून राहिलो.

‘डी ग्रोस लीब’मधली गाणी ज्यानं लिहिली त्या ब्रुनो बाल्त्सची कथा तर ऐकून घेण्यासारखी. समलैंगिक असल्यावरून गेस्टापोनं त्याला १९४१ मध्ये पकडलं होतं. संगीतकार मिखाएल यारीनं, याच्याशिवाय माझं काम अडतं, असं सांगून त्याला सोडवलं आणि सुटून आल्या आल्या त्यानं ही गाणी लिहिली, असं सांगतात. एक दिवस चमत्कार होईल ही आशा धरून बसलेलं त्यातलं दुसरं गाणं सरकारला विजयाचं वाटलं. ज्यानं लिहिलं त्याला कसला चमत्कार हवा असेल, ते आपण समजू शकतो. त्या गाण्याचाही एक किस्सा आहे. झारा लेआंडर इतकी उंच की तिच्यामागं उभ्या करायला तेवढ्या उंचीच्या मुली मिळेनात. म्हणे एसएसच्या जवानांना केसांचे टोप घालून देवदूत केलं. हा किस्सा वाचून मात्र मी मोठ्यानं हसलो. दुसरा किस्सा गोअरिंगचा. वैमानिक लग्नाआधी बाईकडं रात्र काढतो याला सैन्याच्या वरिष्ठांनी हरकत घेतली, तर गोअरिंग म्हणाला म्हणे, अशी संधी सोडेल तो कसला अधिकारी!

याच्या आधीचा, १९४०चा ‘वुन्शकोन्त्सेर्ट’ म्हणजे ‘फर्माईशीची मैफल’ हाही तसाच गाजलेला. रविवारी दुपारी सैनिकांच्या फर्माईशीची गाणी लावणारा रेडिओ कार्यक्रम तेव्हा खरोखरच होता. आपल्या विविध भारतीवरच्या ‘जयमाला’ची आठवण यावी असा. त्यात आघाडीवरच्या बापांना मूल झाल्याची बातमीही वाचून दाखवत. सिनेमात १९३६च्या ऑलिम्पिकमध्ये भेटलेलं जोडपं तीन वर्षांनी या कार्यक्रमातून पुन्हा सापडतं. त्यात एक मुलगा धुक्यात वाट चुकलेल्या सोबत्यांना आवाजाचा माग मिळावा म्हणून चर्चमध्ये ऑर्गन वाजवत राहतो आणि तिथंच मरतो. त्याची आई नंतर रेडिओवर त्याच्यासाठी लावलेलं गाणं ऐकत बसते. सबंध देश एका घरातल्यासारखा रेडिओभोवती. बाकी कथा सरधोपट आहे, पण ती आई विसरता येत नाही.

आता कुणी म्हणेल, दुसरी बाजू काय कमी होती? खरंय. ‘कासाब्लांका’ त्याच वर्षी, नोव्हेंबर १९४२ला न्यूयॉर्कमध्ये लागला. त्यातही प्रेम मागं आणि कर्तव्य पुढं. मी तो कॉलेजात असताना तीनदा पाहिला आणि कधी शंका आली नाही. आपल्या बाजूचा प्रचार आपल्याला प्रचार वाटत नाही हे मान्य. पण मला एक फरक दिसतो. ‘कासाब्लांका’त ज्यांच्यासाठी लढायचं ती घर सुटलेली माणसं पडद्यावर असतात, आणि ती भूमिका करणारे अनेकजण खरोखरच हिटलरपासून पळून आलेले होते. त्यातला नाझी मेजर झालेला कॉनराड फाइट हा जर्मनीचा मोठा नट. बायको ज्यू म्हणून तो १९३३ सालीच देश सोडून गेला. गोटशाल्क राहिला. ‘डी ग्रोस लीब’मध्ये दुसरं माणूसच नाही. तो, ती आणि मध्ये ‘जावं लागेल’ एवढंच.

हे सगळं वाचून झाल्यावर मी स्वतःवर खूष होतो. बग सापडला, फाइल बंद. पण मग दोन वर्षांनी गणपतीला बेळगावला गेलो असताना तो सिनेमा घरी पुन्हा लावला. बाहेर पावसाची झड, लाईट गेलेले, लॅपटॉपला चार्जिंग होतं. मुलगी झोपलेली. बायको आणि मी बघत बसलो आणि दहा मिनिटांनी आजीही तिची खुर्ची सरकवून आली.

“काय बघायलास रे?”

“जुना पिक्चर आहे गं आजी. जर्मन.”

“सांग की मग. मला कुठं कळतंय.”

म्हणून मी एकेक संवाद मराठीत सांगत गेलो. रोमचा प्रसंग आला. मी आजीला सांगितलं, आता तो परत निघालाय. बायकोनं विचारलं, “ऑर्डर आली का त्याला?”

“नाही. त्याला वाटतंय की तिकडं गरज आहे.”

“ऑर्डर नव्हती ना? मग?”

ती पडद्याकडंच बघत होती. मी गप्प झालो. बर्लिनचं माझं काम सहा महिन्यांचं होतं. सहाव्या महिन्यात रिलीज पुढं गेलं आणि मॅनेजरनं टीमला विचारलं, कोण थांबेल? कुणीही थांबलं असतं. मी हात वर केला. बायकोला सातवा महिना होता. तिला फोनवर मी म्हटलं होतं, थांबावंच लागतंय, कंपनीनं सांगितलंय. मुलगी झाली ती मी व्हिडिओ कॉलवर पाहिली. ऑफिसमध्ये केक कापला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी माझ्या निष्ठेबद्दल चार शब्द बोललं आणि मला ते आवडलं. पहिल्यांदा तो सिनेमा बघताना डोळ्यांत पाणी आलं ते त्याच आठवड्यांतलं. मी तिच्यासाठी रडतोय असं मला वाटत होतं.

त्या रात्री, आजी तिथंच असताना, मी बायकोला सांगितलं, “मलाही ऑर्डर नव्हती.”

“माहितेय मला,” ती म्हणाली. “तुझ्या टीममधल्या एकाच्या बायकोनं तेव्हाच सांगितलं होतं.”

दोन वर्षं माहीत होतं. पुढं ती काही बोलली नाही आणि मीही संवाद सांगायचे विसरलो. आजीनंच टोकलं, “पुढं सांग की. तो आफ्रिकेला गेला न्हवं?”

आफ्रिकेवरून आजीला तिच्या सासऱ्यांची आठवण झाली. म्हणजे माझे पणजोबा. ते मराठा पलटणीत होते आणि आफ्रिकेत पकडले गेले, एवढंच मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. त्या रात्री पहिल्यांदा तारीख जुळवली. तोब्रुक पडलं २१ जून १९४२ला. तिथं रोमेलच्या हाती लागलेल्या फौजेत मराठा लाईट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियन होती. बर्लिनमध्ये झारा लेआंडरचा सिनेमा लागून नऊ दिवस झाले होते.

“मग घरी कसं कळलं?” बायकोनं विचारलं.

“कळतंय कुठलं. महिन्याची मनीऑर्डर थांबली, तवा समजायचं. आमच्या सासूबाई सांगायच्या, लावणीचे दिवस होते. चिखलात उभ्या होत्या आणि पोस्टमन नुसताच पुढं गेला. मग दुसऱ्या महिन्यात पण तसाच. कुणी म्हणायचं गेला, कुणी म्हणायचं हाय. कुंकू पुसायचं का लावायचं, त्याच्यावर भावकीत बैठक झाली म्हणे. कितीतरी महिन्यांनी कार्ड आलं, इटलीतनं. मास्तरांनी वाचून दाखवलं. दोनच ओळी. मी बरा आहे, काळजी करू नये.”

“आणि त्या महिन्यांत त्यांनी काय केलं?”

“करतीय काय? लावणी केली, कापणी केली. बैठकीला मात्र गेल्या न्हाईत. मी लावणार कुंकू, ज्याला काय म्हणायचं त्यानं येऊन म्हणा, असं सांगून मोकळ्या झाल्या.”

पणजोबा १९४५ला परत आले. एका कानानं ऐकू येत नव्हतं. युद्धाचं काही सांगायचे नाहीत, फक्त मॅकरोनी या शब्दावर अजब शिव्या द्यायचे. पणजीनं त्यांना कधी विचारलं का, तुम्हाला हुकूम होता की तुम्ही हौसेनं भरती झालात? हे मी आजीला विचारलं. आजी म्हणाली, “पोटासाठी भरती झाले बाबा. त्यात हौस कसली.”

लॅपटॉपची बॅटरी लाल झाली होती. शेवटचा प्रसंग चालू होता. डोंगर, दवाखान्याचा सज्जा, हाना आणि पाउल. मी आजीला सांगितलं, तीन आठवड्यांची रजा मिळालीय, आता लग्न करतील. विमानं आली. दोघं वर बघायला लागली.

“वर काय हाय?”

“विमानं. लढाईला चाललीत.”

“आणि ही हसतीय कशाला?”

बायकोनं माझ्याकडं बघितलं. पाटी आली, संगीत वाजलं, स्क्रीन काळी झाली.

“संपला?” आजी उठत म्हणाली. “तीनच आठवडे म्हणालास न्हवं? मग त्याच्या पुढं काय झालं ते दाखवलंच न्हाई की.” आणि आतल्या खोलीत पोरगी रडायला लागली म्हणून आधी मी उठलो.